शिडाच्या जहाजांचे नकाशे आणि भिवंडीची खाडी



भिवंडी म्हटलं की आज लोकांना यंत्रमाग आठवतात, नाहीतर नाशिक रस्त्यालगतची गोदामं. त्यामुळे इथे येऊन समुद्राच्या जुन्या नकाशांवर बोलायचं म्हणजे जरा वाट चुकल्यासारखं वाटेल. पण ही वाट बरोबर आहे. कशी, ते सांगतो.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. मराठी आरमाराची सुरुवात आपण इथून मोजतो. १६५९ च्या पोर्तुगीज कागदांत भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे लढाऊ तारवं बांधली जात असल्याचा उल्लेख येतो. रुई लैताव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज कारागीर आपली माणसं घेऊन या कामावर होता. ही जहाजं दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध आहेत, असं सांगितलं जात होतं. पण वसईच्या पोर्तुगीजांना भरवसा नव्हता. त्यांनी निरोप पाठवले आणि ही कारागीर मंडळी काम अर्धवट टाकून निघून गेली.

ही गोष्ट आपण पुस्तकात वाचतो आणि पुढे जातो. मीही गेलो होतो. या खाडीचा एक जुना सागरी नकाशा टेबलावर पसरला, तेव्हा ती खरी समजली. कामवारी नदी उल्हासच्या खाडीला मिळते. तिथून समुद्राकडे जायला वाटा दोनच. एक घोडबंदरावरून वसईच्या किल्ल्याखालून बाहेर पडते. दुसरी ठाण्याजवळच्या अरुंद पाण्यातून मुंबई बंदरात उतरते. वसई पोर्तुगीजांची, ठाणे पोर्तुगीजांचं, साष्टी त्यांची आणि तेव्हा मुंबईही त्यांचीच. म्हणजे जहाज इथे बांधता येत होतं, पण ते समुद्रावर न्यायचं तर दुसऱ्याच्या दारातून न्यावं लागत होतं. पोर्तुगीज इतके सावध का झाले आणि कारागीर काढून घेणं त्यांना का महत्त्वाचं वाटलं, हे नकाशावर बोट ठेवलं की कळतं.

आता हे नकाशे वाचायचे कसे? जमिनीच्या नकाशात जमीन भरलेली असते आणि समुद्र कोरा. इथे बरोबर उलटं. जमीन जवळजवळ कोरी आणि पाण्यात आकडेच आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे तिथली खोली, बहुतेक वेळा वावांत. आपला वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर. इंग्रजांचं मापही मुळात तेच, सहा फूट. दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचं. शिशाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत. वर काढल्यावर चरबीला चिखल चिकटलाय, वाळू की शिंपल्यांचा चुरा, ते बघायचं आणि आकड्याशेजारी तेही लिहायचं. रात्री किनारा दिसत नसला तरी तळ हाताला लागल्यावर आपण कुठे आहोत याचा अंदाज येई.

जमीन कोरी म्हटलं, पण डोंगरांचे माथे मात्र काळजीपूर्वक काढलेले असतात, कारण ते समुद्रावरून दिसतात. कर्नाळ्याचा सुळका आपण ट्रेकला जाऊन बघतो. इंग्रज खलाशांसाठी तो ‘फनेल हिल’, म्हणजे नरसाळ्याचा डोंगर होता. मुंबई बंदरात शिरताना धरायची ती खूण.

हे काम आपल्या किनाऱ्यावर बरंच आधी सुरू झालं. १५३८-३९ मध्ये जुआंव द कास्त्रू हा पोर्तुगीज सरदार गोव्याहून दीवला गेला. वाटेत कोकणातल्या बंदरांची आणि खाड्यांच्या मुखांची चित्रं काढत गेला. पुढे तोच गोव्याचा व्हाइसरॉय झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनमधल्या जॉन मॅक्लूअरने पश्चिम किनारा मोजला. लंडनमध्ये अलेक्झांडर डॅलरिंपलने त्याचे नकाशे छापले. नंतर त्याच पदावर आलेल्या जेम्स हॉर्सबर्गची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १७८६ मध्ये तो ‘अ‍ॅटलस’ जहाजावर होता. बटाव्हियाहून सिलोनला जाताना ते दिएगो गार्सियाच्या खडकांवर आदळलं, कारण हाताशी असलेला नकाशा चुकीचा होता. त्यानंतर या माणसाने सारा जन्म नकाशे दुरुस्त करण्यात घालवला.

तेव्हा नकाशा चुकला तर माणसं बुडत. म्हणून सुधारित आवृत्ती आली की जुना कागद नकोसा होई. जहाजावर वापरून फाटायचा तरी, नाहीतर टाकून दिला जायचा. जुने सागरी नकाशे इतके दुर्मीळ का, याचं मोठं कारण हे.

संग्रह करायची इच्छा असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताम्रपटावरून छापलेल्या कागदाला कडेने दाबाची चौकट उमटलेली असते. कागद उजेडासमोर धरा, जलचिन्ह दिसतंय का बघा. कधी त्यात सालही सापडतं. जहाजावर वापरलेल्या नकाशांना मागून जाड निळा कागद डकवलेला आढळतो. कंपासच्या टोकाची भोकं, पेन्सिलीने आखलेला मार्ग, शाईने केलेली दुरुस्ती, असं काही असेल तर ते पुसू नका. तो नकाशा खरोखर समुद्रावर जाऊन आल्याचा पुरावा आहे. माझ्या पहिल्या खरेदीत यातलं काहीच नव्हतं. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली प्रत मी चांगले पैसे मोजून घरी आणली होती. (हशा)

पण मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. मुंबईत १८३० च्या दशकात बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी उभी राहिली. १८७३ साली ती एशियाटिक सोसायटीत विलीन झाली. तिच्या मागे आरमाराचे मोजणी करणारे अधिकारी होते, म्हणून त्यांचे कागद टिकले. कच्छच्या मालमांचा एक नकाशा अलेक्झांडर बर्न्सने मिळवला, तो आज लंडनमध्ये आहे. मग आपल्या तांडेलांचं काय? या खाडीतून गलबतं, मचवे, पडाव नेणारा माणूस कशावर चालत होता?

तो हिशेबावर चालत होता. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. आत खाडीत थोडा उशीर धरायचा. इंग्रजी नकाशावर बंदराच्या नावाजवळ अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीचा तास छापलेला असे. माहिती तीच. त्यांच्याकडे ती ताम्रपटावर कोरली गेली, आपल्याकडे ती बापाकडून पोराकडे तोंडी गेली. मोठं जहाज या गाळाच्या पाण्यात येऊ शकत नव्हतं, त्यामुळे परक्या नकाशांवर समुद्रात आकडे दाट असतात आणि खाडीत आत यावं तसे सहसा विरळ होत जातात. जिथे त्यांचे आकडे संपतात, तिथून पुढचं ज्ञान इथल्या कोळ्या-आगऱ्यांकडे होतं.

आता रेतीचा उपसा झाला, भराव पडले, पूल आले. खाडीचा तळ बदलला आणि ते जाणणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेली. म्हणून माझी विनंती आहे. काल्हेर, कशेळी, कोन या बाजूला कुणाच्या घरी जुनी वही, बंदराचा परवाना, होकायंत्र असेल तर ते रद्दीत देऊ नका. लॅमिनेशनही करू नका, कागद कायमचा खराब होतो. ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांहून जुनं असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ते परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि काहीच नसेल, तर आजोबांना खाडीकाठी घेऊन जा. नाव कुठून नेत होतात, कुठली खूण धरत होतात, कुठे रुतत होती, ते विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि साध्या कागदावर ते सांगतील तशी खाडी काढा. माझ्या संग्रहात लंडनला छापलेले नकाशे आहेत. भिवंडीच्या तांडेलाने सांगितलेला एकही नाही. पुढच्या वेळी येईन तेव्हा तो बघायला मिळावा, एवढंच मागतो.