वॉटसनची बखर

डॉक्टर वॉटसनला गोळी लागली ती खांद्याला की पायाला, हा प्रश्न ज्याला पडत नाही तो माणूस सुखी म्हणावा. पण इंग्लंड-अमेरिकेत हा प्रश्न पडलेली शहाणीसुरती माणसे गेली शंभरांहून अधिक वर्षे होत आली आहेत. त्यांत धर्मोपदेशक आहेत, प्राध्यापक आहेत, नाणावलेल्या लेखिका आहेत. आणि एकविसाव्या शतकात दूरचित्रवाणीसमोर बसून एकेक दृश्य थांबवून पाहणाऱ्या असंख्य प्रेक्षकांची त्यांत भर पडली आहे. या मंडळींचा इतिहास सांगण्याजोगा आहे असे मला वाटते. कारण ज्या गोष्टी कधी घडल्याच नाहीत त्यांच्या तारखा ठरविण्याचा हा उद्योग आहे. आणि ज्या घडल्या त्यांच्या तारखा ठरविण्यात ज्यांचे दिवस जातात त्या आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना त्यात आपलाच चेहरा, थोडा वाकडातिकडा का होईना, दिसतो.

मूळ तंट्याची हकीकत अशी. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्या होम्सकथेत वॉटसन आपली ओळख करून देतो. १८७८ साली लंडन विद्यापीठाची वैद्यकीची पदवी घेऊन तो लष्करात शिरला. त्याची पलटण हिंदुस्थानात होती. तो मुंबई बंदरात उतरला तेव्हा त्याला कळले की दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले असून आपली पलटण खिंडी ओलांडून केव्हाच पुढे गेली आहे. होम्सच्या दुनियेचा आपल्या मुंबईशी पहिला संबंध येतो तो असा, एका घाईतल्या उतारूच्या रूपाने. पुढे वॉटसन कंदाहारला पोचला, आणि मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्यात गोळी घुसली. ही लढाई खरी. ती २७ जुलै १८८० रोजी झाली व तीत इंग्रजांचा मोड झाला. परंतु १८९० साली ‘द साइन ऑफ फोर’ ही दुसरी कादंबरी आली, तेव्हा तीच जखम खांद्यावरून पायात उतरली होती! थंडीवाऱ्यात वॉटसनचा पाय ठणकतो आणि खांद्याचे कोणी नाव काढीत नाही.

असे घोटाळे जागोजागी आहेत. याच दुसऱ्या कादंबरीत नायिकेला आलेल्या पाकिटावर ७ जुलैचा शिक्का आहे आणि त्याच दिवसाची संध्याकाळ मात्र सप्टेंबरची आहे. ‘द रेड-हेडेड लीग’मध्ये एका जाहिरातीची तारीख २७ एप्रिल १८९०. ती दोन महिन्यांपूर्वीची, असे वॉटसन म्हणतो. पण मंडळी बरखास्त झाल्याची पाटी लागते ती ९ ऑक्टोबरला. शिवाय कथेतला तो दिवस शनिवार आहे, आणि पंचांग उघडले तर ९ ऑक्टोबर १८९० हा गुरुवार निघतो. सर्वांत मोठी मौज ‘विस्टेरिया लॉज’ची. ही कथा मार्च १८९२ मध्ये घडते. आता ४ मे १८९१ रोजी स्वित्झर्लंडातील रायकेनबाख धबधब्यात होम्स पडला व १८९४ च्या वसंतापर्यंत जग त्याला मेलेला समजत होते, हे वॉटसननेच दुसरीकडे लिहून ठेवले आहे. मग या मधल्या काळात तो वॉटसनशेजारी बसून तारा कशा वाचीत होता? आणि जॉन एच. वॉटसन हे ज्याचे नाव, त्याला त्याची स्वतःची बायको एके ठिकाणी ‘जेम्स’ म्हणून हाक मारते. यावर काय बोलावे?

या सर्वांचे कारण फार साधे आहे. लेखक आर्थर कॉनन डॉइल हा लिहिण्यात झपाट्याचा आणि तारखांच्या बाबतीत बेफिकीर होता. मासिकाला कथा हवी असे, ती तो देई आणि मागचे उलटून पाहात नसे. तपशिलांची फार धास्ती आपण कधी बाळगली नाही, अशा अर्थाची कबुली त्याने आत्मचरित्रात दिलेली आहे. इथे प्रश्न मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, आणि खरा इतिहास इथूनच सुरू होतो.

१९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या तरुण विद्वानाने विद्यार्थ्यांच्या एका मंडळापुढे होम्सकथांवर एक निबंध वाचला. त्या काळी जर्मन पंडितांनी बायबलाची चिकित्सा चालविली होती: अमुक ओवी मूळची, तमुक प्रक्षिप्त, हा भाग एका हातचा, तो दुसऱ्याच्या. नॉक्सने तीच शस्त्रे जशीच्या तशी उचलली आणि वॉटसनच्या लेखनावर चालवून दाखविली. खरा वॉटसन कोणता, बनावट कोणता, धबधब्यानंतरच्या कथा अस्सल की मागाहून रचलेल्या, असा गंभीर काथ्याकूट त्याने मांडला. हेतू पंडितांची थट्टा करण्याचा होता. या रीतीने एखाद्या मासिकातील गोष्टींचासुद्धा कीस पाडता येतो, हे त्याला दाखवावयाचे होते. तो निबंध डॉइलपर्यंत पोचला आणि त्याने नॉक्सला पत्र लिहून, असल्या साहित्यावर कोणी एवढी मेहनत घ्यावी याचे नवल व्यक्त केले. आपण लिहिलेल्या कथांविषयी या गृहस्थाला आपल्याइतके ठाऊक नसून जास्त ठाऊक आहे, हे एखाद्या लेखकाला कळावे, हा प्रसंग साहित्याच्या इतिहासात विरळाच!

थट्टा म्हणून पेरलेले बीज पुढे भक्तीच्या मळ्यात उगवले. १९३२ साली एच. डब्ल्यू. बेल यांनी सगळ्या कथांचा कालानुक्रम लावणारे पुस्तक काढले. १९३४ साली न्यूयॉर्कला ख्रिस्तोफर मॉर्ली यांच्या पुढाकाराने ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ ही मंडळी जमली. १९६७ साली विल्यम बेअरिंग-गूल्ड यांचा टीपांनी गच्च भरलेला दोनखंडी होम्स निघाला, आणि त्यात चार कादंबऱ्या व छप्पन कथा कालक्रमाने लावलेल्या होत्या. खेळाचा नियम एकच: होम्स आणि वॉटसन ही खरी माणसे, आणि डॉइल हा फार तर त्यांचा मध्यस्थ. डोरोथी सेयर्स ही स्वतः रहस्यकथा लिहिणारी मोठी लेखिका. हा खेळ लॉर्ड्सवरच्या क्रिकेट सामन्याच्या गांभीर्यानेच खेळला पाहिजे, असे तिचे मत होते. ‘जेम्स’चा गुंता तिनेच सोडविला. वॉटसनच्या नावातला ‘एच’ म्हणजे ‘हेमिश’, आणि हेमिश म्हणजे स्कॉटलंडातला जेम्स. तेव्हा बायको त्याला त्याच्या मधल्या नावाने हाक मारीत होती, एवढेच. किती सुरेख! यासाठी आधार मात्र कथांत काडीचाही नाही.

इथे मला आपल्याकडचा एक वाद आठवतो. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न असाच परस्परविरोधी साधनांतून उभा राहिला होता. उत्तरकालीन बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी मानली जाई. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्धीस आणली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद मिळाली. दोन तिथींचा मेळ बसविण्यासाठी वाटेल तितकी बुद्धी खर्चिता आली असती. पण पारडे झुकले ते बुद्धीने नव्हे. शकावलीशी संबंध नसलेल्या, महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी सापडली. दुसरा साक्षीदार उभा राहिला.

होम्सभक्तांच्या वाट्याला नेमके हेच कधी येणार नाही. वॉटसनच्या पलीकडे साक्षीदारच नाही. साठ कथांतल्या ओळी मोजलेल्या आहेत. कोणा देशमुखाच्या वाड्यातून नवे दफ्तर निघणार नाही, मैवंदच्या इस्पितळाची नोंदवही सापडणार नाही. म्हणून तिथे जे उत्तर अधिक चतुर तेच अधिक खरे ठरते. खेळात हे शोभते. इतिहासात चतुराई हा पुरावा नव्हे. आणि आणखी एक भेद आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘लेखनिक चुकला’ असे म्हणण्याची मोकळीक असते, नव्हे, पुष्कळदा तेच खरे असते. खेळात ते एकच उत्तर निषिद्ध आहे. तिथे प्रत्येक चुकीमागे हेतू असलाच पाहिजे.

मग दूरचित्रवाणी आली, आणि खेळाची जात पालटली. पूर्वी मालिका एकदा दिसली की संपली. चित्र मागे फिरविता येत नसे. घरोघरी ध्वनिचित्रफितींची यंत्रे आल्यावर १९९० साली अमेरिकेत ‘ट्विन पीक्स’ ही मालिका लागली, तेव्हा लॉरा पामर या मुलीचा खुनी कोण हे हुडकण्यासाठी लोक तीच दृश्ये पुनःपुन्हा पाहू लागले. पुस्तकाची ओळ जशी बोट ठेवून वाचावी तसे चित्र वाचण्याची सोय झाली.

२०१० साली बीबीसीने ‘शेरलॉक’ ही मालिका सुरू केली. स्टीव्हन मॉफॅट आणि मार्क गॅटिस हे तिचे कर्ते स्वतःच जुने होम्सभक्त. त्यांचा वॉटसनही अफगाणिस्तानातूनच परततो. तो पायाने लंगडतो, पण गोळी लागलेली असते खांद्याला. लंगडणे निव्वळ मनाचे. जुन्या भांडणाचा असा निकाल त्यांनी पहिल्याच भागात लावून टाकला. १ जानेवारी २०१२ च्या भागात वॉटसन आपले मधले नाव ‘हेमिश’ असल्याचे सांगतो. सेयर्सबाईंचा तर्क, जो निराधार होता, तो मूळ संहितेत जाऊन बसला. भाष्याचे असे सूत्र होताना मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आणि १५ जानेवारी २०१२ च्या रात्री तो प्रसिद्ध भाग झाला. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाच्या गच्चीवरून शेरलॉक खाली उडी टाकतो, वॉटसन हे डोळ्यांनी पाहतो, पुढे थडगेही दिसते. आणि शेवटच्या क्षणी शेरलॉक जिवंत उभा दिसतो. मॉफॅट यांनी, सर्वांच्या नजरेतून निसटलेला एक धागा आहे, असे सांगून आगीत तेल ओतले. मग काय विचारता! वॉटसनला शेरलॉकने त्याच जागी उभे राहावयास का सांगितले? कारण मधल्या बैठ्या इमारतीमुळे जमीन दिसू नये म्हणून. वॉटसनला धडक देणारा सायकलस्वार सहज आला होता काय? पदपथापाशी उभी असलेली ती पोत्यांची मालमोटार कुठे गेली? प्रयोगशाळेत शेरलॉक चेंडू आपटीत होता. तोच काखेत दाबला तर मनगटाची नाडी थांबते. जवळजवळ दोन वर्षे, कोणता क्षण आधी व कोणता नंतर, यावर लोक वाद घालीत बसले.

१ जानेवारी २०१४ रोजी उत्तर आले, आणि ते उत्तर म्हणजे एक मिस्किली होती. त्या भागात अँडरसन नावाचा माणूस होम्सभक्तांचे मंडळ चालवितो. भिंतभर कागद चिकटवून उडीचे तर्क लढवितो. प्रेक्षकांना त्या उडीचे एक नव्हे, तीन उलगडे दाखविले जातात. पहिले दोन उघड काल्पनिक. तिसरा, हवेच्या गादीचा, शेरलॉक स्वतः अँडरसनला सांगतो. त्यात सायकलस्वार आहे, चेंडूही आहे. ऐकून अँडरसनची निराशा होते. मग त्यालाच त्यात भोके दिसू लागतात, हा आपल्यालाच हे का सांगेल अशी शंका येते, आणि तो भिंतीवरचे कागद फाडू लागतो. कित्येक प्रेक्षकांना ही आपली थट्टा वाटली. मला ते अधिक प्रामाणिक वाटते. एकमेव साक्षीदार समोर येऊन बोलला तरी त्याच्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न उरतोच, हे त्या दृश्याने मान्य केले.

हा सारा पोरखेळ म्हणून सोडून दिला असता. पण याच दोन वर्षांच्या मध्यावर, १५ एप्रिल २०१३ रोजी, अमेरिकेत बॉस्टन शहरी मॅरेथॉन शर्यतीत दोन स्फोट झाले. तीन माणसे मेली, शेकडो जखमी झाली. त्या दिवशीची छायाचित्रे घेऊन हजारो हौशी शोधक कामाला लागले. रीत तीच: चित्र थांबवा, पाठीवरच्या पिशवीभोवती वर्तुळ काढा, कोण कोणाकडे पाहतो ते जुळवा, सहज असे काहीच नाही असे धरून चाला. काही निरपराध माणसांवर संशय ठेवण्यात आला. महिनाभर आधी बेपत्ता झालेल्या एका विद्यार्थ्याचे नाव चहूकडे झाले. त्याचा या कृत्याशी कसलाही संबंध नव्हता. पुढे त्याचा मृतदेह मिळाला. आपल्या मुलाला शोधणाऱ्या घरच्या माणसांना त्या रात्री काय सोसावे लागले असेल, याची कल्पनाच करावी.

ही माणसे दुष्ट नव्हती. जेथे प्रत्येक वस्तू कोणी तरी मुद्दाम ठेवलेली असते अशा जगाची सवय त्यांनी, जेथे बहुतेक गोष्टी सहजच पडलेल्या असतात अशा जगात आणली. कथेत सायकलस्वार उगीच येत नाही. रस्त्यावर मात्र तो रोज उगीचच येतो.

म्हणून वॉटसनच्या जखमेवर वाद घालणाऱ्यांचे मला कौतुकच वाटते. आपण खेळत आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि ज्याच्यावर तर्क लढवायचे त्याला रक्तामांसाचे नातलग नव्हते. बुद्धीला अशी तालीम हवीच. तालमीतून बाहेर पडल्यावर मात्र पहिला प्रश्न हा असावा, की दुसरा साक्षीदार कोण? आणि तो मिळेपर्यंत, ‘लिहिणारा कदाचित चुकला असेल’ हे साधे, नीरस उत्तर हाताशी ठेवावे. त्याने कोणाच्या घरावर दगड पडत नाही.