घटसर्प : गोठ्यातला आणि घशातला

हिंगोलीकडच्या एखाद्या शेतकऱ्यापुढे ‘घटसर्प’ हा शब्द उच्चारला, तर त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम बैल उभा राहतो. पावसाळ्याच्या तोंडी गुरांना टोचतात, ती लस ह्याच नावाच्या रोगावरची. गळा सुजतो, जनावर घरघरू लागते आणि पाहता पाहता दावणीला मरून पडते. पण आपल्या भाषेने हेच नाव लेकरांच्या एका रोगालाही देऊन ठेवले आहे. जंतू निराळे, रोग निराळे. साम्य एवढेच की, दोन्ही गळाच धरतात.

लेकरांच्या ह्या घटसर्पाला, म्हणजे डिप्थेरियाला, नाव मिळाले ते ब्रेतोनो ह्या फ्रेंच वैद्याने १८२६ साली चामड्याच्या ग्रीक शब्दावरून केलेल्या नामकरणातून. ते यथार्थ आहे. टॉन्सिलांवर करडा, चिवट पडदा धरतो. पुसू गेले तर रक्त येते. मान इतकी सुजते की, इंग्रज डॉक्टरांनाही तिथे बैलाचीच मान आठवली! पडद्याने श्वास कोंडतो हे खरे. पण त्याहून मोठा दगा जंतूंच्या विषाचा. ते रक्तावाटे हृदय गाठते. घसा निवळला म्हणून घरची माणसे हुश्श करतात, आणि आठपंधरा दिवसांनी मूल अचानक जाते.

ह्या रोगाला राजवाडा वर्ज्य नव्हता. व्हिक्टोरिया राणीची लेक ॲलिस हिचे घर १८७८ साली त्याने धुऊन काढले. आधी धाकटी मुलगी गेली, मग सेवा करता करता आईही.

लोफ्लरने १८८४ मध्ये जंतू वाढवून दाखवला, रू आणि येर्सॅं ह्यांनी १८८८ मध्ये त्याचे विष वेगळे काढले. १८९० मध्ये बेरिंग व कितासातो ह्यांनी विषावरचा उतारा रक्तातच सापडतो हे सिद्ध केले. १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल मात्र एकट्या बेरिंगला! रू ह्याने हा उतारा घोड्यांच्या रक्तातून काढला. १८९४ साली पॅरिसच्या बालरुग्णालयात, जिथे निम्मी मुले दगावत, तिथे मरणारी चौथ्या हिश्शावर आली.

पेनिसिलिन जंतू मारते, पण सुटलेले विष परत घेता येत नाही. पेशींत शिरलेल्या विषावर उताराही चालत नाही. म्हणून जाणता डॉक्टर घशातला बोळा तपासायला पाठवतो खरा, परंतु निकालाची वाट न पाहता उतारा टोचतो. लशीमुळे रोग इतका विरळा झाला की, पुष्कळ तरुण डॉक्टरांनी तो पडदा प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. आणि खप नाही म्हणून उतारा बनवणारेही थोडेच उरले. हिंगोलीच्या एखाद्या खेड्यातून ताप आणि सुजलेला गळा घेऊन निघालेल्या पोराला जिल्ह्याचे इस्पितळ गाठेपर्यंत, आणि तिथे ती कुपी नसली तर पुढे नांदेड गाठेपर्यंत, विष काही थांबून राहत नाही.