गृहवस्त्रे, महाराष्ट्रातील
घरातील अंथरूण-पांघरूण, बैठक, पडदे व शोभेची आच्छादने यांसाठी वापरावयाची कापडे. महाराष्ट्रात ती परंपरेने कापूस व लोकर या दोन नैसर्गिक तंतूंची होत. ज्या वनस्पतीच्या खोडातील तंतूंपासून यूरोपात लिनन बनते, ती जवस येथेही फार पूर्वीपासून पिकते. पण ती तेलासाठी. तेलबियांचे वाण बुटके व फांद्याळ असतात. धाग्यासाठी थंड, दमट हवेत सरळ वाढणारे उंच वाण लागतात. त्यामुळे लिननची परंपरा येथे रुजली नाही. भारतात आज विणले जाणारे लिननही बव्हंशी आयात तंतूंचेच असते.

वाड्यांमधून गाद्यागिरद्या, लोड-तक्के, दारांना पडदे व समारंभात वर चांदवा असा थाट असे. उन्हाळ्यात वाळ्याचे ओले पडदे सोडीत. सामान्य घराला निव्वळ शोभेसाठी कापड घेणे परवडत नसे. तेथे अंथरूण-पांघरूण हीच शोभा होती. सातमाळा व सेलबारी-डोलबारी या डोंगररांगांमधील गिरणेच्या वरच्या खोऱ्यात वसलेल्या कळवण (जि. नासिक) परिसरात हिवाळा बोचरा असतो. तेथील कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या घरात रंग दिसे तो दांडीवर टाकलेल्या गोधड्यांचा.

लोकरीची घोंगडी धनगर व सणगर यांच्या सहकार्यातून निर्माण होते. दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरतात. सणगर ती मागावर विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असल्याने नवी घोंगडी ताठ व खरखरीत लागते. पाहुण्यास बसावयास घोंगडी अंथरणे हा आदर मानला जाई.

गोधडीला मात्र विणकर लागत नाही. नऊवारी सुती लुगडे (लांबी सु. ८ मी.) विरले, की त्याच्या घड्यांचे थर करावयाचे, मध्ये धोतरांचे व मुलांच्या कपड्यांचे तुकडे भरावयाचे आणि बहुधा कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. थरांमध्ये कोंडलेली हवा ऊब राखते. वर्षानुवर्षे धुतलेले सूत मऊ होते व घाम शोषते. रंगांची मांडणी शिवणारी स्त्री हाताशी असलेल्या चिंध्यांतूनच साधी. तिला कलाकृती म्हणण्याची रीत पुष्कळ अलीकडची. गोधडीसारखे ठिगळांचे वस्त्र पांघरणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) ‘गोधडे महाराज’ या नावानेही ओळखले जात.

गोधडीचे मूळ द्रव्य म्हणजे लुगडे. गिरणेच्याच खोऱ्यात खाली मोसमच्या संगमाजवळ असलेल्या मालेगावी एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर स्थायिक झाले. तेथील रंगीत सुती लुगडी खेड्यापाड्यांतून खपत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र नायलॉन व पॉलिएस्टर यांच्या साड्या सर्वत्र पसरल्या. त्या लवकर विरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि त्यांचे गुळगुळीत थर टाक्यात नीट बसत नाहीत. गोधडीच्या ऱ्हासाची कारणे सांगताना हातकौशल्याचा लोप पुढे केला जातो. वस्तुतः कौशल्य टिकून असतानाच घरातील जुने सूत संपले.

विकतच्या गृहवस्त्रांचा इतिहास याहून निराळा आहे. सोलापुरास १८७७ मध्ये कापडगिरणी निघाली. तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांच्या हातमागांचेही ते केंद्र होते. जॅकार्ड यंत्रणेच्या साहाय्याने विणलेल्या, ठसठशीत नक्षीच्या सुती चादरींमुळे सोलापूरचे नाव घरोघरी पोहोचले. या चादरीस २००५ मध्ये भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. चादरी, सतरंज्या व पडद्यांचे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा केंद्रीय कायदा १९८५ मध्ये झाला, तथापि यंत्रमागाच्या स्वस्त मालापुढे त्याचा प्रभाव मर्यादितच राहिला.

शहरी घरांतून नैसर्गिक कापडांची आवड पुन्हा वाढली आहे. गोधडी आता दिवाणखान्यातील बैठकीवर पसरलेली, क्वचित भिंतीवर टांगलेलीही आढळते. मात्र विक्रीसाठी तयार होणाऱ्या अनेक गोधड्यांत जुन्या लुगड्याच्या जागी नव्या सुती कापडाचे तुकडे मुद्दाम कापून जोडलेले असतात.