आठ अंगांचा निबंध: चीनने चारशे वर्षे विश्लेषण कसे शिकवले?

1896 साली चीनच्या आन्ह्वेइ प्रांतात सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा परीक्षेला बसला. निबंधाचा विषय मेन्शियसच्या ग्रंथातून कापून काढलेला होता. मासे आणि कासवे यांच्या विपुलतेविषयीचे एक पूर्ण विधान आणि त्याला चिकटून पुढच्या विधानातला केवळ पहिला शब्द, 'इमारती लाकूड'. या दोहोंची सांगड घालून सुसंगत निबंध लिहायचा होता. मुलाने सांगड घालण्याचा विचारच सोडून दिला. एका जुन्या साहित्यसंग्रहातून आणि कांग्शी शब्दकोशातून पाठ केलेली पशुपक्ष्यांची, झाडाझुडपांची दुर्मीळ नावे त्याने आठवतील तशी कागदावर उतरवली. परीक्षकाने त्याला पहिला क्रमांक दिला.

मुलाचे नाव छेन दूश्यू. 1915 मध्ये त्याने 'नवयुवक' या नावाने प्रसिद्धीस आलेले नियतकालिक सुरू केले आणि 1921 मध्ये तो नव्या चिनी कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख झाला. परीक्षेची ही हकिगत त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवली आहे.

त्याने लिहिला तो निबंधप्रकार म्हणजे 'बागूवन'. 'बा' म्हणजे आठ, 'वन' म्हणजे लेखन. 'गू' या शब्दाचा मूळ अर्थ मांडी, पण येथे अभिप्रेत आहे तो जोडीतला एक भाग. म्हणून आठ अंगांचा निबंध. मिंग राजवटीत, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा साचा पक्का झाला, आणि मधला अल्प खंड वगळता विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत, परीक्षेच्या मार्गाने अधिकारपद मिळवू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो आत्मसात करावा लागला. आज चिनी भाषेत हे नाव पोकळ, छापील लेखनाला दिलेल्या शिवीसारखे वापरतात. 1942 मध्ये माओने पक्षातल्या रटाळ लेखनावर झोड उठवली, तेव्हाही त्याने हाच शब्द वापरला.

शिवी देणे सोपे आहे. पण साचा उलगडून पाहिला, तर विद्यार्थ्याला विश्लेषण शिकवण्याचा इतका पद्धतशीर प्रयत्न जगाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी आढळेल.

साचा जन्माला आला तो एका व्यावहारिक अडचणीतून. चिनी परीक्षेत उमेदवाराचे नाव झाकले जाई. उमेदवाराने काळ्या शाईत लिहिलेली उत्तरपत्रिका लेखनिक लाल शाईत नकलून काढीत आणि परीक्षकापुढे केवळ ती लाल प्रत जाई, म्हणजे हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये. परीक्षक थोडे, उत्तरपत्रिका हजारो. एकट्या नानजिंगच्या परीक्षागृहात एकोणिसाव्या शतकात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. इतक्या लेखनाची तुलना करायची तर विषय, अर्थ आणि आकार तिन्ही ठरलेले हवेत. विषय कन्फ्यूशियस परंपरेच्या 'चार ग्रंथां'तून येई, त्याचा अर्थ बाराव्या शतकातील भाष्यकार झू शी याच्या टीकेप्रमाणे लावायचा असे, आणि आकार बागूवनाचा. शब्दमर्यादाही ठरलेली: चिंग राजवटीच्या आरंभी 550 अक्षरे, पुढे वाढत वाढत 700.

हा आकार चालतो कसा, हे पाहण्यासाठी वांग आओच्या नावावर प्रसिद्ध असलेला एक निबंध घ्यावा. वांग आओ 1475 च्या राजधानीतील परीक्षेत पहिला आला होता आणि त्याचे निबंध पुढे पिढ्यान्‌पिढ्या नमुना म्हणून गिरवले गेले. विषय होता कन्फ्यूशियसच्या संवादांतील एका प्रसंगाचा. दुष्काळ पडला आहे, लू राज्याच्या राजाचा खर्च भागत नाही. तो यौ रुओ या शिष्याला उपाय विचारतो. शिष्य म्हणतो, सारा एक दशांशावर आणा. राजा चकित होतो. दोन दशांश घेऊनही पुरत नाही, तिथे एक दशांश कसा पुरेल? त्यावर शिष्याचे उत्तर असे की, प्रजेजवळ पुरेसे असेल तर राजाला कमी पडेलच कसे?

या उत्तराचा पूर्वार्ध, एवढाच विषय. पहिली पायरी 'पोती', म्हणजे विषय फोडणे. दोन वाक्यांत विषयाचा गाभा सांगायचा, पण विषयातले शब्द जसेच्या तसे उचलायचे नाहीत. वांग आओने इथे 'पुरेसे' हा शब्द बाजूला ठेवून 'खाली' आणि 'वर' अशी रचना आणली: संपत्ती खालच्या थरात साठली की ती वर आपोआप पोहोचते. विषयात फक्त एक परिस्थिती होती. त्याने तिच्यातून कार्यकारणाची दिशा बाहेर काढली. दुसरी पायरी, हा मुद्दा तीन-चार वाक्यांत पुढे नेणे. तिसरीत पार्श्वभूमी: राजाला अधिक सारा का घ्यावासा वाटतो आणि शिष्य त्याला मुळाकडे का वळवतो. त्यानंतर जोड्या.

जोडीतली दोन अंगे लांबीने, शब्दरचनेने, लयीने एकमेकांशी जुळावी लागत. पण केवळ तेच पुन्हा सांगून भागत नसे. वांग आओच्या एका जोडीतले पहिले अंग गावातल्या घरांत साठवलेल्या धनाविषयी आहे: ते राजाचेच आहे, त्यासाठी ते खजिन्यात आणून ठेवण्याची गरज नाही. दुसरे अंग शेतशिवारात साठलेल्या धान्याविषयी आहे: तेही राजाला वापरता येते, सरकारी कोठारात भरले नाही म्हणून ते परके होत नाही. वरवर पाहता एकच मुद्दा दोनदा आला. प्रत्यक्षात 'मालकी' आणि 'उपयोग' या दोन कल्पना वेगळ्या काढून दोन्हींचे उत्तर दिले गेले. पुढच्या जोडीत खर्चाच्या बाबी येतात: यज्ञ, पाहुणचार, युद्ध. म्हणजे राजाला पैसा नेमका कशासाठी हवा आहे, याचीही छाननी झाली. करव्यवस्थेवर इतक्या थोड्या अक्षरांत इतका काटेकोर युक्तिवाद आजच्या कोणत्याही परीक्षकाला आवडावा.

शिकवण्याची रीतही पायऱ्यापायऱ्यांची होती. आरंभी अर्थ न कळता पाठांतर. मग जोडशब्दांचा खेळ. गुरुजींनी 'आकाश' म्हणावे, मुलाने 'पृथ्वी' म्हणावे. मग दोन शब्दांना दोन शब्द, पाचांना पाच, सातांना सात. व्याकरणाचे पुस्तक हाती न घेता मुलाला शब्दांच्या जाती आणि विरोध-साम्याचे संबंध असे कळत. पुढे कित्येक महिने केवळ विषय फोडण्याचा सराव, तोही फक्त दोन वाक्यांचा. ती जमली की पुढची तीन-चार, मग अर्धा निबंध, आणि सर्वांत शेवटी पूर्ण. आपल्याकडे निबंध शिकवताना बहुधा थेट 'पावसाळ्यातील एक दिवस' फळ्यावर लिहिला जातो, त्या पार्श्वभूमीवर ही शिस्त हेवा वाटावी अशीच आहे.

मग बिघडले कुठे? या प्रश्नाचे उत्तर जोड्यांत किंवा शब्दमर्यादेत नाही. ते आणखी एका नियमात आहे. प्रस्तावनेनंतर विद्यार्थ्याने ऋषितुल्य पूर्वजांच्या मुखाने बोलायचे असे. विषय यौ रुओच्या उत्तराचा असेल, तर लेखक म्हणजे यौ रुओ. आणि यौ रुओ ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला असल्यामुळे त्यानंतर घडलेले काहीही निबंधात येऊ शकत नाही. हान काळातील सारा, तांग काळातील करसुधारणा, स्वतःच्या गावातला परवाचा दुष्काळ, सगळे निषिद्ध. दोन हजार वर्षांचा इतिहास लिहून ठेवणाऱ्या संस्कृतीने आपल्या सर्वांत महत्त्वाच्या निबंधातून इतिहासालाच पुरावा म्हणून हद्दपार केले.

भारतीय शास्त्रपरंपरेशी तुलना केली म्हणजे उणीव अधिक स्पष्ट दिसते. मीमांसेतील अधिकरणाचीही अंगे ठरलेली असत, तोही साचाच. पण त्यात विषयानंतर संशय येतो आणि सिद्धान्ताच्या आधी पूर्वपक्ष. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडल्याखेरीज पुढे जाता येत नाही. तिथेही वेदप्रामाण्याची चौकट होतीच, हे विसरता येत नाही; तरी वचनाचा अर्थ कोणता, यावर मतभेदाला जागा होती. बागूवनात विधान उलटे करून तपासता येई ('प्रजा निर्धन असती तर?'), पण वचनाचा अर्थ वेगळा असू शकेल किंवा राजाचेही काही बरोबर असेल, असे म्हणायला आठांपैकी एकही अंग मोकळे नव्हते.

एक फट मात्र होती. मिंग काळात निबंधाच्या अखेरीस 'दाज्ये' नावाचा समारोप असे. तेथे विद्यार्थी पूर्वजाचा मुखवटा उतरवून स्वतःच्या आवाजात बोलू शके, चालू काळाकडे निर्देशही करू शके. चिंग राजवटीत हा समारोपच काढून टाकण्यात आला. मांचू राज्यकर्त्यांच्या नव्या सत्तेला लाखो सुशिक्षित तरुणांचे चालू काळाविषयीचे मत परीक्षेत नको होते, असा निष्कर्ष काढल्यास तो फारसा चुकणार नाही.

इकडे शिकवणीचा बाजारही फोफावला होता. सतराव्या शतकातील विद्वान गू यानवू याने त्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून आजच्या स्पर्धापरीक्षांचे वर्ग आठवावेत. कोणत्या ग्रंथातून कोणते विषय येण्याजोगे आहेत ते आधी हेरायचे. श्रीमंत घराण्यांनी नामांकित लेखकाला घरी ठेवून त्या प्रत्येक विषयावर एकेक निबंध लिहून घ्यायचा, मोबदला निबंधागणिक. मग मुलांनी ते पाठ करायचे आणि परीक्षेत उतरवायचे. या निबंधप्रकाराची हानी पहिल्या सम्राटाने केलेल्या ग्रंथदहनाइतकी मोठी आहे, आणि माणसे बिघडवण्याच्या बाबतीत तर विद्वानांना जिवंत पुरण्याच्या त्या प्रसिद्ध घटनेपेक्षाही अधिक, असा निर्वाळा गू यानवूने दिला.

पाठांतराला शह देण्यासाठी परीक्षकांनी विषय अवघड करायला घेतले. पण चारही ग्रंथ मिळून अक्षरे पन्नास हजारांच्या थोडी पुढे. दर तीन वर्षांनी, प्रत्येक प्रांतात, शतकानुशतके विषय काढत गेल्यावर नवे उरणार किती? म्हणून मग एका वाक्याची शेपटी आणि दुसऱ्याचे डोके जोडून विषय तयार होऊ लागले. छेन दूश्यूपुढे आलेला मासे-कासवे-लाकडाचा विषय याच जातीचा. नक्कल रोखण्यासाठी योजलेला हा उपाय अर्थाचाच बळी घेऊन बसला; जिथे फोडण्यासारखा गाभाच नाही, तिथे विषय फोडण्याचे कौशल्य काय करणार?

खरे तर याच परीक्षेत आणखी एक निबंध होता. तिसऱ्या सत्रात धोरणविषयक प्रश्न विचारले जात: पूरनियंत्रण, महसूल, सीमेचे संरक्षण, पूर्वीच्या राजवटींतील संस्थांचा इतिहास. तिथे स्वतःच्या आवाजात, दाखले देऊन लिहिता येई. पण पहिल्या सत्रातील उत्तरपत्रिकांचा डोंगर उपसून थकलेले परीक्षक तिथवर क्वचितच लक्षपूर्वक पोहोचत. बहुतेकांचा निकाल पहिल्या सत्रातल्या निबंधांवरच ठरून गेलेला असे, आणि विद्यार्थीही ते जाणून असत.

बागूवन बंद करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कांग्शी सम्राटाच्या काळात 1663 मध्ये ते थांबवले गेले आणि काही वर्षांतच परत आणले गेले. 1895 मध्ये जपानकडून पराभव झाल्यावर यान फू याने, बागूवन बुद्धीला कुलूप घालते, मन भ्रष्ट करते आणि निरुद्योगी माणसे पोसते, असे तीन आरोप ठेवले. 1898 च्या जूनमध्ये सम्राट ग्वांगश्यूने ते रद्द केले. सप्टेंबरात राजमाता त्सिशीने सत्ता हाती घेऊन ते पुन्हा सुरू केले. पुढे बॉक्सर उठावाच्या नामुष्कीनंतर, 1901 मध्ये, तिच्याच दरबाराने ते कायमचे मोडीत काढले.

1902 पासून परीक्षेचा क्रम उलटा झाला. पहिल्या सत्रात चीनचे राजकारण आणि इतिहास, दुसऱ्यात पाश्चात्त्य देशांच्या राज्यपद्धती आणि विद्या, आणि चार ग्रंथांवरचे निबंध सर्वांत शेवटी, तेही बागूवनाच्या साच्याविना. ज्यांनी आयुष्यभर आपल्या आवाजात न लिहिण्याचाच सराव केला होता, त्यांना आता परकीय राज्यव्यवस्थांवर मत द्यायचे होते. प्रकाशकांनी त्यांची अडचण ओळखली. नव्या प्रश्नांच्या तयार उत्तरांचे जाडजूड संग्रह लगोलग बाजारात आले आणि उमेदवार ते पाठ करू लागले. 1905 मध्ये परीक्षाच रद्द झाल्या, तेव्हा ते संग्रह अजून नवेच होते.