अडुळशाची कुळकथा
खोकला झाला की अडुळसा, हे मराठी घराला पाठ आहे. हे औषध आयुर्वेदाच्या ग्रंथांतून वैद्याकडे आणि वैद्याकडून घरात आले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ‘वासा’ या नावाने ते ग्रंथांत आहे, खोकला, दमा आणि रक्तपित्तावर (नाका-तोंडातून रक्त पडण्यावर) सांगितलेही आहे. पण ग्रंथांत शेकडो वनस्पती आहेत आणि त्यांतल्या फारच थोड्या घरोघरी पोचल्या. अडुळसा पोचला तो मुख्यतः कुंपणामुळे, असे मला वाटते. त्याच्या कडू पानांना गुरे-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि फांदी रोवली की ती जगते, म्हणून तो बांधावर लावला गेला. औषध दाराशी आले, फुकट मिळू लागले आणि रोज डोळ्यांसमोर राहिल्याने ओळखीचे झाले. पान नुसते कुटून रस फारसा सुटत नाही, म्हणून घरी ते वाफवून पिळतात आणि रसात मध घालतात. ग्रंथांतला पुटपाक याच जातीचा आहे: कुटलेल्या पानांचा गोळा वड-जांभळाच्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि गरम असतानाच पिळायचा.

यात शास्त्राचे श्रेय हिरावले जाते, असा आक्षेप कोणी घेईल. पण चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे गुराखी, शेळ्या-मेंढ्या राखणारे आणि वनवासी जाणतात. मग शास्त्र हवे कशाला? त्याचे उत्तरही तिथेच आहे: नाव-रूप कळले म्हणजे औषध कळले असे नाही, देश, काळ आणि रोगी पाहून योजना करता आली पाहिजे. आधुनिक शास्त्रानेही यात भर घातली: 1888 मध्ये डेव्हिड हूपर यांनी अडुळशातून व्हॅसिसीन हे द्रव्य वेगळे केले आणि पुढे त्याच्या रचनेवरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन तयार झाले. व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावते, हेही अभ्यासात दिसले; म्हणून गर्भवतीने घरचा अडुळसाही परस्पर घेऊ नये. झाड ओळखणाऱ्यांनी औषध दिले, शास्त्राने त्याची मर्यादा आखली. आज वनौषधींची नोंद करताना फक्त झाडाचे नाव आणि गुण लिहून भागणार नाही. पान कोण तोडतो, कोणत्या हंगामात तोडतो, किती देतो आणि कुणाला देत नाही, हेही त्या माणसाच्या नावानिशी लिहिले पाहिजे.