तार नाही, तरी नेट: एअरफायबरच्या आधीची गोष्ट

२०२३ च्या गणेश चतुर्थीला जिओ एअरफायबर आलं, तेव्हा अनेकांना वाटलं हे काहीतरी नवीनच. पण १९९० च्या दशकातच आयआयटी मद्रासमध्ये अशोक झुनझुनवालांच्या टीमने ‘कॉरडेक्ट’ बनवलं होतं. घरोघरी तांब्याची तार ओढणं महाग पडायचं, म्हणून शेवटचा टप्पा हवेतून. समोर टॉवर दिसत असेल तर १० किलोमीटरपर्यंत चालायचं. स्पीड? ७० केबीपीएस, आणि सोबत फोनवर बोलत असाल तर ३५! हसू नका, डायल-अपवर नेट लावलं की फोनच अडकायचा.

अडचणी मात्र आजही त्याच. मध्ये इमारत आली की सिग्नल पडतो, आणि टॉवर सगळ्यांचा. गल्लीत फायबर असेल तर मी तेच घेईन. नसेल, तर आधी कमी मुदतीचा प्लॅन घ्या आणि स्पीड रात्री नऊला मोजा, दुपारी नाही.