स्टडली रॉयल उद्यान

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशर परगण्यात, रिपन नगरानजीक स्केल नदीच्या दरीत वसलेले इतिहासप्रसिद्ध उद्यान. साउथ सी कंपनीच्या गैरव्यवहारामुळे 1721 मध्ये खजिन्याचे मंत्रिपद गमावलेल्या जॉन एझलबी याने उर्वरित आयुष्य वेचून नदीचे पाणी बांधून काढले आणि निश्चल चंद्राकृती जलाशयांकाठी मंदिरवजा वास्तू उभारल्या. परंतु या परिसराचे खरे वैभव, पाऊलवाट टेकडीवरील सज्ज्यापाशी वळताच एकाएकी दृष्टीस पडणारा, 1132 मध्ये स्थापन होऊन 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या अमदानीत खालसा झालेला फाउंटन्स मठ हेच होय. हरणांच्या कुरणालगतचे सेंट मेरी चर्च विल्यम बर्जेसने बांधले.  उद्यानाची ही दौलत पुढे हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचा पाया घालणाऱ्या लॉर्ड रिपनकडे होती. 1986 पासून जागतिक वारसास्थळ.